तुळईवरची खूण

आमच्या शेतावर एक मोठी पत्र्याची इमारत आहे. तिच्या दाराशी दगडी पाटी आहे आणि पाटीवर 'आदर्श कृषि-औजार उद्योगशाळा' अशी अक्षरे कोरलेली आहेत. हे नाव मी ठेवले. तेव्हा मी नागपूरहून पदवी घेऊन नुकताच परतलो होतो आणि कशालाही साधे नाव देणे मला कमीपणाचे वाटत असे. गावाने पहिल्याच आठवड्यात तिला 'पत्रा' म्हणायला सुरुवात केली. आजही लोक 'वखर पत्र्यात टाकला' असेच म्हणतात. 'उद्योगशाळा' हा शब्द माझ्याशिवाय कोणी उच्चारल्याचे मला आठवत नाही. एका साहेबांनी एकदा प्रयत्न केला होता, पण ते अर्ध्यावर थांबले.

ही इमारत बांधायची कल्पना माझी की वडिलांची, यावर आमच्या घरी बरेच दिवस वाद चालला. काम नावारूपाला येईल असे वाटत होते तोवर आम्ही दोघेही तिच्यावर हक्क सांगत होतो. पुढे तो वाद आपोआप मिटला.

माझे गाव अनसिंगपासून बैलगाडीने तासाभराच्या वाटेवर. जमीन काळी, पीक कापसाचे आणि ज्वारीचे. पेरणीच्या आधी दोन महिने पंचक्रोशीतली औजारे दुरुस्तीला निघत. तिफणीचे दाते, वखराचे जू, बंडीची म्हणजे बैलगाडीची चाके, सारे गावच्या सुताराच्या अंगणात, एका कडुनिंबाखाली येऊन पडत. माणसे तिथेच बसत, तंबाखू मळत आणि नंबर लागेपर्यंत एकमेकांची उणीदुणी काढत. मी पुस्तकांतून बरेच काही वाचून आलो होतो. हे सगळे एका छपराखाली आणावे, लोहाराची भट्टी आणि सुताराचे काम शेजारी शेजारी चालावे, बंडी आत येऊन आतल्या आत वळावी, अशी मोठी जागा बांधावी असे मला वाटले. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. वडिलांना ती आवडली ती वेगळ्या कारणाने. त्यांना 'रावसाहेब' व्हायचे होते, आणि त्यासाठी काहीतरी बांधावे लागते असे त्यांना वाशीमच्या एका वकिलाने सांगितले होते.

काम ज्यांच्यावर सोपवले ते सुतार तेव्हा साठीच्या घरात होते. मी त्यांना काका म्हणत असे. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. लाकूड हातात आले की ते त्यावर वाकसाच्या, म्हणजे तासायच्या हत्याराच्या, पाठीने दोन टोले द्यायचे आणि कान लावून थांबायचे, जणू आतून कोणी उत्तर देणार आहे. पुरे झालेल्या प्रत्येक कामावर ते पटाशीच्या कोपऱ्याने आपली खूण कोरत. कबुतराच्या पावलासारख्या तीन रेघा, मधली लांब, बाजूच्या दोन आखूड. ही खूण कधी समोर नसे. पाळण्याच्या बुडाशी, दाराच्या आतल्या अंगाला, बंडीच्या साट्याच्या म्हणजे तळाच्या चौकटीच्या खाली, जिथे कोणी मुद्दाम पाहिल्याशिवाय दिसणार नाही अशा ठिकाणी असे. आणि लोक मुद्दाम पाहत. अनसिंगच्या बाजारात बंडी घ्यायला आलेला माणूस आधी चाक हलवून बघायचा, मग वाकून साट्याखाली बोट फिरवायचा. तीन रेघा बोटाला लागल्या की तो पुढचे बोलणे सुरू करायचा.

पौषात भिंती उभ्या राहिल्या. काळा दगड, चुन्याची जोडणी, रुंदी सोळा हात. मधे खांब नकोत, असे मी ठरवले होते, कारण बंडी वळायला हवी होती. म्हणून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाणाऱ्या चार लांब तुळया लागणार होत्या. आमच्या नाल्याच्या काठाला रामकाठी बाभळी होत्या, सरळ वाढणाऱ्या, इतर बाभळींसारख्या पसरणाऱ्या नव्हेत. त्यांतल्या चार मी बोटाने दाखवल्या. वडीलही बरोबर होते. काकांनी आधी झाडांकडे पाहिले, मग आभाळाकडे.

"भाऊ, पाख उजेडाचा हाय," ते म्हणाले. "आठ रोज थांबा. अंधाऱ्या पाखात तोडू. अन् मंग एक पावसाळा नाल्याच्या डोहात बुडवून ठेवू. बाभयीचं लाकूड हाय, किड्याले लय गोड लागते."

"काका, चंद्राला एवढा वेळ नाही," मी म्हणालो. "तो काय आपल्या बाभळी मोजत बसलाय?"

"चंद्राचं मले मालूम नाई. किड्याचं मालूम हाय."

"जिल्ह्याचे साहेब फाल्गुनात उद्घाटनाले येऊन राह्यले," वडील म्हणाले. "डोहातलं लाकूड दाखवू का त्याईले? बुडी मारा म्हनू?"

मजूर हसले. मीही हसलो. चंद्राचे ते वाक्य मला इतके आवडले होते की पुढच्या आठवड्यात वाशीमला गेलो तेव्हा दोन ठिकाणी ते मी पुन्हा म्हणून दाखवले, आणि दोन्ही ठिकाणी दाद मिळाली. झाडे त्याच दिवशी तोडली. शुद्ध एकादशी होती, हे मला नंतर पंचांग पाहून कळले.

काकांनी पुन्हा काही म्हटले नाही. सांगायचे ते एकदा सांगायचे आणि मग कामाला लागायचे, अशी त्यांची रीत होती. दोन महिने ते आणि दोन गडी तुळया तासत होते, छपराच्या कैच्या बांधत होते. पत्रे रेल्वेने वाशीमला उतरले, तिथून सात बंड्यांतून आले. मी रोज तिथे जाऊन बसत असे. उन्हे कलली की काका मला पटाशी कशी धरायची, कोपरा कसा लावायचा, लाकडाच्या रेषेला न फाडता कसे कोरायचे ते दाखवत. मी विचारले म्हणून दाखवत, आणि मी शिकत गेलो तसे त्यांना बरेही वाटत असावे. माझ्या आयुष्यात मी हाताने शिकलेली ती एकच गोष्ट. तिचा उपयोग मी एकदाच केला.

साहेब यायच्या आदल्या दिवशी मी छप्पर पाहत फिरत होतो. वडिलांचे भाषण मी लिहिले होते, तीन पाने. त्यातला एक परिच्छेद मला विशेष जमला होता. शहरातला कारागीर आपले नाव पाटीवर लिहितो, आमचा कारागीर आपली खूण अंधारात लपवतो, आणि तरी ती खूण सगळा तालुका ओळखतो, असे काहीसे. त्यानंतर साहेबांना वर पाहायची विनंती करायची, आणि दारासमोरच्या तुळईवर ती खूण दाखवायची. सगळे ठरले होते. फक्त खूण नव्हती. चारही तुळया मी शिडी लावून पाहिल्या. कुठेच नव्हती.

काका दाराची बिजागरी बसवत होते. मी विचारले, "काका, निशानी राहिली."

"राहिली नाई. नाई टाकली."

"का?"

त्यांनी खिळा ठोकून पुरा केला. "लाकूड मी निवडलं नाई, वकत मी निवडला नाई. हात माहे व्हते, ते तुमाले देल्ले. निशानीचं राहू द्या."

मला त्या वेळी राग आला. तुळया त्यांनीच तासलेल्या, सांधे त्यांनीच भरलेले, मग तीन रेघांनी काय बिघडणार होते? आणि माझा परिच्छेद? दुपारी सगळे जेवायला गेले. काकांची हत्यारांची पिशवी खुंटीला होती. मी तिच्यातून पटाशी काढली, शिडी लावली आणि दारासमोरच्या तुळईच्या खालच्या अंगाला तीन रेघा कोरल्या. मधली लांब, बाजूच्या दोन आखूड. दहा मिनिटांचे काम. छान जमली. जरा जास्तच छान. त्यांच्या खुणेत मधली रेघ किंचित डावीकडे झुकलेली असायची, माझी अगदी सरळ आली. पटाशी पुसून मी पिशवीत ठेवली. हे मी चोरून करतो आहे असे मला तेव्हा वाटले नाही. एक राहून गेलेली गोष्ट पुरी करतो आहे, असे वाटले. शिडी मात्र मी मूळ जागी नेऊन ठेवली, याचा अर्थ कुठेतरी मला माहीत होते.

समारंभाविषयी थोडे लिहायला हवे. वाशीमहून बँड आणला होता. आंब्याच्या पानांची कमान होती. साहेबांनी चांदीच्या किल्लीने दार उघडायचे होते. किल्ली घडवून आणल्यावर कोणाच्या तरी लक्षात आले की दाराला कुलूपच नाही. ज्या दारातून दिवसभर बंड्या ये-जा करणार त्याला कुलूप कोण लावतो? मग कुलूप आणले, लावले, साहेबांनी ते उघडले, टाळ्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी ते काढून ठेवले. साहेब दोन तास उशिरा आले आणि दहा मिनिटे थांबले. त्यांनी भाषण पहिल्या पानावर थांबवले आणि जवळपास काळवीट आहेत का, असे विचारले. वडील म्हणाले, पुष्कळ आहेत. मला वाटले माझा परिच्छेद गेला. म्हणून मी पुढे होऊन घाईघाईने इंग्रजीत ते सारे सांगितले आणि वर बोट दाखवले.

सगळ्यांच्या माना वर झाल्या. काका दाराशी उभे होते, वडिलांनी दिलेला गुलाबी फेटा बांधून. त्यांचीही मान वर झाली. साहेब म्हणाले, "फाइन, व्हेरी फाइन," आणि सगळ्यांच्या माना खाली आल्या. काकांची आली नाही.

पानसुपारीला ते थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे कामाला आले. ते काहीतरी विचारतील म्हणून मी दिवसभर आजूबाजूला राहिलो, उत्तरेही तयार ठेवली होती. त्यांनी काहीच विचारले नाही. फक्त त्या दिवसापासून हत्यारांची पिशवी खुंटीला ठेवून जाणे त्यांनी बंद केले. संध्याकाळी ती खांद्याला लावून घरी नेत. पटाशी शिकवणेही आपोआप थांबले. मी स्वतःची समजूत घातली की गोष्ट क्षुल्लक होती.

पत्रा चालला. हे सांगितले पाहिजे. पोहरादेवीच्या यात्रेला जाणाऱ्या बंड्या वाट वाकडी करून आमच्याकडे चाके दाखवायला आल्या. लोहार चाकांवर लोखंडी धावा चढवत होता, काका आरे बसवत होते. वडिलांना रावसाहेबी मिळाली नाही, पण साहेबांच्या सहीचे एक प्रशस्तिपत्र आले. ते त्यांनी चौकटीत घालून दिवाणखान्यात अशा जागी लावले की बसणाऱ्याला दुसरे काही दिसू नये.

पुढच्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास तुळयांतून पीठ पडायला लागले. बारीक, पिवळसर, पिठासारखेच. सकाळी हत्यारांवर थर असायचा. माणसांच्या पागोट्यांवर पडायचे.

"पत्र्यात गिरनी बी टाकली काय, मालक?" एकाने विचारले. "मंग दयन घेऊन येतो."

दुपारी सगळे निवांत झाले की वरून कुरकुर असा आवाज यायचा. मी तो ऐकत असे. काका एकदा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "भाऊ, पेरनीच्या गर्दीच्या आंदी चारी तुळयाईले टेकू लावा." मी म्हणालो, पेरणी झाली की लावू. टेकू लावले असते तर बंडी वळायला जागा राहिली नसती. आणि बंडी वळते हे तर मी सगळ्यांना दाखवत होतो. खरे सांगायचे तर टेकू लावले असते म्हणजे चंद्रावरचे माझे वाक्य मागे घेतल्यासारखे झाले असते.

ज्येष्ठात, भर गर्दीच्या दिवसांत, सकाळी दहाच्या सुमाराला दारासमोरची तुळई मोडली. आधी ओरखडल्यासारखा लांब आवाज झाला, म्हणून माणसे बाहेर पळाली. कोणाला लागले नाही. पण एका शेतकऱ्याच्या बैलजोडीतला एक बैल आत बांधलेला होता, पांढरा, पोळ्याला मिरवण्यात पहिला मान असलेला. पत्र्यासकट तुळईचे टोक त्याच्या शिंगावर आले आणि शिंग बुडापासून मोडले. मालक बैलाचे डोके मांडीवर घेऊन बसला, जखमेत हळद भरत. तो ओरडला नाही. एवढेच म्हणाला, "बैल जगन. पन जोडी गेली."

तुळई उलटून पडली होती. खालचे अंग वर आले होते, आणि त्यावर तीन रेघा. जमलेल्यांतला एकजण वाकला.

"निशानी त काकाची हाय."

"काकाची? बाभय अशी वापरली काकानं?"

"पाह्य ना. कबुतराचं पाऊल हाय."

काका घरी न्याहारीला गेले होते. त्यांना बोलावले. ते आले, माणसांनी वाट दिली. त्यांनी आधी बैलाकडे पाहिले. मग तुळईजवळ बसले आणि मोडलेल्या ठिकाणी आत बोट घातले. बोट पिठात गेले. मग तेच बोट खुणेवरून फिरवले. मधल्या रेघेवर, त्या सरळ रेघेवर, बोट थांबले. वडीलही तोवर काठी टेकत आले होते.

"काका, हे काय केलं तुमी?" वडील म्हणाले. खुणेचे त्यांना काहीच माहीत नव्हते, आणि नाल्याकाठचे बोलणे ते केव्हाच विसरले होते.

काकांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले.

"भाऊ, हे निशानी माही हाय काय?"

पंचवीसतीस माणसे उभी होती. एका शब्दाचे उत्तर होते. मी म्हणालो, "काम तुमच्याच हातचं आहे ना, काका?"

त्यांनी बोटाला लागलेले पीठ धोतराला पुसले. मग म्हणाले, "हाव. काम माह्याच हातचं हाय." आणि उठून गेले.

माझ्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी ते वाक्य पुढे किती वेळा तपासून पाहिले असेल, सांगता येत नाही. प्रत्येक वेळी ते निर्दोष निघते.

त्यानंतर जे झाले ते हळूहळू झाले. अनसिंगच्या बाजारात आता साट्याखाली बोट फिरवून माणसे विचारत, "पत्र्याच्या सालची त नाई ना?" आणि हसत. खूण असणे ही चौकशीची गोष्ट झाली. ज्यांच्या घरात काकांनी केलेली दारे वीस वर्षे उभी होती, त्यांनी नव्या दारांसाठी शेलूबाजारचे सुतार बोलावले. काकांच्या अंगणात दुरुस्त्या येत राहिल्या, कारण दुरुस्ती कोणीही करतो. नवी बंडी मात्र वर्षभरात एकच आली, तीही त्यांच्या जावयाची. आणि तिच्या साट्याखाली खूण नव्हती. पुन्हा त्यांनी कशावरच ती कोरली नाही.

काकू, म्हणजे त्यांची बायको, एकदा मला नाल्यावर भेटली. डोक्यावर धुण्याचे गाठोडे होते. मी बाजूला झालो.

"भाऊ, आमच्या घरचं पायनं बी पाहून जा एकडाव," ती म्हणाली. "तुमी बी त्याच्यातच झोपले व्हते लहानपनी, मांगून नेलं व्हतं तुमच्या मायनं. किडा लागला असन त सांगा, चुलीत घालतो."

ती पुढे गेली. मग वळून म्हणाली, "त्याईनं तो गुलाबी फेटा चाकाच्या आसाचं वंगन पुसाले घेतला. मी म्हनलं चांगला हाय, राहू द्या. आयकत नाईत."

दीड वर्ष मी हे उरावर घेऊन वावरलो, असे लिहिले तर ते शोभून दिसेल, पण खरे नाही. मी जेवत होतो, वाचत होतो, वाशीमला जाऊन चार लोकांत विनोद करत होतो. मात्र लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज झाला की बोलणे मधेच सुटायचे. शेवटी एका बाजाराच्या दिवशी मी अनसिंगला गेलो. बंड्या विकायला उभ्या असतात तिथे, चिंचेखाली, आमच्या ओळखीची माणसे बसली होती. तो शिंग मोडलेल्या बैलाचा मालकही होता. मी उभ्यानेच सांगितले.

"पत्र्याच्या तुळईवरची निशानी काकांनी कोरली नव्हती. मी कोरली. काकांनी लाकूड तोडायला मना केलं होतं. मी ऐकलं नाही."

एका म्हाताऱ्याने तंबाखू थुंकली आणि म्हणाला, "मालक, मोठं मन हाय तुमचं."

"मोठं मन नाही. खरं सांगतो आहे."

"तेच म्हनून राह्यलो मी. गरिबाचा डाग आपल्या अंगावर कोन घेते आजकाल?"

"बापाचा गुन हाय," दुसरा म्हणाला.

मी पुन्हा सांगितले, जरा चिडून. जितके मी सांगावे तितका मी मोठा होत गेलो. वर्षानुवर्षे मी समारंभांची आणि प्रशस्तिपत्रांची टिंगल करत आलो होतो. आता चिंचेखाली माझाच समारंभ चालला होता आणि तो थांबवायची रीत मला येत नव्हती. तेवढ्यात बैलाचा मालक म्हणाला, "निशानी कोराले हात लागते, भाऊ. तुमाले पटाशी धरता येते काय?"

सगळे हसले. बंडी विकायला आलेल्या एका सुताराने आपली पटाशी काढली आणि मूठ माझ्याकडे करून धरली. शेजारी बंडीचे जुने जू पडले होते.

"घ्या. काढा कबुतर."

हसण्यावारी नेलेले होते ते. पण बैलाचा मालक हसत नव्हता. तो माझ्या हाताकडे पाहत होता. मी ती पटाशी घेतली असती तर दहा मिनिटांत तिथे तीन रेघा उमटल्या असत्या, मधली अगदी सरळ, आणि पुढच्या बाजारापर्यंत सगळ्या तालुक्याला कळले असते की मोठ्या घरचा शिकलेला मुलगा कारागिराची खूण चोरून काढतो आणि तोंडावर गप्प राहतो. शब्दांनी कबूल करणे जमले होते, कारण शब्दांवर कोणी विश्वास ठेवत नव्हते.

मी म्हणालो, "चष्मा घरी राहिला."

परत येताना सरळ काकांच्या अंगणात गेलो. ते कडुनिंबाखाली वखराचे लाकूड तासत होते. मी यायच्या आधीच बातमी आलेली होती. बाजारातून निघालेली माणसे माझ्यापुढे होती.

"मी सांगितलं काका, बाजारात. सगळ्यांसमोर."

"आयकलं." त्यांनी वाकस थांबवला नाही. "मंग पटाशी काहून नाई घेतली?"

"चष्मा नव्हता."

आता त्यांनी वर पाहिले. "चष्मा त आता बी नाई डोयावर. अन् मले बराबर पाहून राह्यले तुमी."

मी उभा राहिलो. त्यांनी बसा म्हटले नाही, जा म्हटले नाही. थोड्या वेळाने मी घरी आलो. त्या आठवड्यात वाशीमच्या त्याच वकिलाने वडिलांचे अभिनंदन केले, असा मुलगा मिळायला भाग्य लागते म्हणून. वडील ते मला सांगत आले. त्यांनाही मी खरे काय ते सांगितले. ते उठून दार लोटून आले आणि म्हणाले, "आता हे कोनाले सांगू नको." या सगळ्यात माझे म्हणणे एकाच माणसाने खरे मानले, आणि त्याने हा सल्ला दिला.

पत्र्याच्या नव्या तुळया काकांनीच केल्या. मी विनंती केली, आणि ते आले. मला वाटले माझ्यासाठी आले, पण त्यांनीच सांगितले, "लोकायच्या तिफनी तिथं उघड्यावर पडल्या हायत." झाडे वद्य पक्षात तोडली. ती एक पावसाळा डोहात राहिली. या वेळी मधे खांब घातले. बंडी आता आत वळत नाही, मागे ढकलून बाहेर काढावी लागते, आणि कोणाचे काही अडत नाही. चंद्राचा आणि किड्याचा संबंध मला अजूनही पटलेला नाही. पुस्तकांत पुष्कळ शोधले, कुठे स्पष्ट उत्तर मिळाले नाही. पण त्या तुळयांतून आजवर चिमूटभर पीठ पडलेले नाही. चंद्राने केले की पाण्याने केले, हे ज्यांना ठाऊक असते त्यांना विचारण्याचा हक्क मी गमावला होता.

काम पुरे झाले त्या दिवशी मी काकांना म्हणालो, "या वेळी लाकूड तुमचं, वेळ तुमची. निशानी टाका."

ते हत्यारे पिशवीत भरत होते. पटाशी हातात होती. त्यांनी ती मूठ माझ्याकडे करून धरली, बाजारातल्या त्या सुताराने धरली होती तशीच.

"टाका तुमीच. तुमाले येते."

आवाजात राग नव्हता. मी हात पुढे केला नाही. त्यांनी वाट पाहिली, मग पटाशी पिशवीत टाकली. जाताना भिंतीशी ठेवलेला एक लाकडाचा तुकडा उचलून माझ्याकडे दिला. जुन्या तुळईचे बाकीचे लाकूड लोहाराच्या भट्टीत केव्हाच गेले होते. एवढाच हातभर तुकडा त्यांनी कापून बाजूला ठेवला होता. त्यावर तीन रेघा होत्या.

"हे तुमचं हाय," ते म्हणाले. "घेऊन जा."

त्यानंतर ते सहा वर्षे जगले. आमचे बोलणे होत असे, पीकपाण्याचे, पोरीबाळींचे. ते शेवटपर्यंत मला भाऊच म्हणत.

तो तुकडा माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. पाहुणे विचारतात तेव्हा मी जुने लाकूड आहे म्हणून सांगतो. आत किडा राहिला नसावा, पण पोकळ झालेले लाकूड अजून थोडे थोडे झडते. खालच्या फळीवर पिवळे पीठ साचते आणि आठवड्यातून एकदा मी ते फडक्याने पुसून काढतो. हे सारे आता लिहून काढले. लिहून झाल्यावर पाहिले तर यात काकांचे नाव नाही, गावाचे नाही, माझेही नाही. ते घालावे म्हणून दोनदा पेन उचलले.